कच्चं लिंबू

तार्तूत फेब्रुवारी. नदी इतकी गोठलेली
की माणसं तिच्यावरून कुत्री फिरवायला नेतात.
तिसऱ्या मजल्यावर इल्मे एकटीच दिवा लावून बसलीय.
उद्या सकाळी दहाला आवृत्ती निघायची आहे.

भाषा म्हणजे तिच्या लेखी दिलेला शब्द.
काल लिहिलंत ते उद्याही चालेल, एवढंच.
वेग, डौल, टाळ्या, सगळं त्यानंतर.

राइगोनं आणलेला शब्द मात्र दोन वर्षं कच्चं लिंबू होता:
खेळात आहे, पळतो, आरडाओरडा करतो,
पण बाद झाला तरी कोणी धरत नाही.
वापरायचा तर आधी एक खूण करावी लागे,
'मला ठाऊक आहे, हे बदलेल',
आणि लोक ती खूण करत,
औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी
न उलगडता फेकावी तशी.

तिघांना हाक मारायची,
पहिला जो ओ देईल त्याचं ऐकायचं,
उरलेल्यांना घरी पाठवायचं.
हे तो शब्द फार सुरेख करायचा.
फक्त घरी पाठवलेले कधीकधी जातच नसत,
दारामागे उभे राहत, तासन्‌तास, मेमरी खात.
म्हणून राइगोनं तो पुन्हा घडवला:
आता सगळे खरोखर घरी पोचेपर्यंत
शब्द उत्तर देत नाही.
"आता नीट झालाय," तो म्हणाला, "आणि कच्चाच होता ना?
मोडायचा हक्क आपण आधीच लिहून ठेवलाय."
चोवीस वर्षांचा. म्हणणं बरोबरच होतं त्याचं.

संध्याकाळी हेल्दुरचं पत्र आलं.
बेटाकडे जाणारा बर्फाचा रस्ता तो सांभाळतो.
पहाटे भोकं पाडतो, जाडी मोजतो.
यंत्रं तीन, त्यातली दोन थंडीनं मुकी,
जे आधी बोलेल त्याचा आकडा फलकावर,
त्यावर ठरतं, आज गाड्या सोडायच्या की नाही.
परवा त्यानं चाचणीची प्रत लावून पाहिली.
मुकी यंत्रं घरी जाईनात. फलक हलेना.
त्यावर कालचाच आकडा.

'खूण मीच केली होती. वाचून केली होती.
उणे वीसमध्ये दुसरं काही चालेना.
तक्रार नाही. फक्त कळवतोय.'

ही शेवटची ओळ इल्मेनं चारदा वाचली.
तक्रार असती तर नियम दाखवता आला असता.

तो रस्ता तिला माहीत होता.
वडील पट्टा सोडायला लावत, दार किलकिलं ठेवत.
पंचवीसच्या खाली चालव, नाहीतर चाळीसच्या वर,
मधला वेग नको, त्यानं खालचं पाणी लाट धरतं.
आणि ती आता मधलंच काहीतरी शोधत होती.

बँकांच्या तळघरातली ती म्हातारी भाषा आठवली,
जिला हात लावायची कोणाची छाती नाही
आणि जिच्यात कोणी नवं काही बोलतही नाही.
तसं नको.
पण कोणाच्या चाकाखालचा कालचा आकडा, तोही नको.

पावणेदोनला तिनं राइगोला उठवलं.
तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
"मग कच्चं म्हणायचंच कशाला?"
तिच्याकडे उत्तर नव्हतं.
चहाचं आधण ठेवल्याचा आवाज फोनवर आला,
मागोमाग कळफलकाचा.

आवृत्ती दहाऐवजी चारला निघाली.
जुना शब्द जुन्याच अर्थानं राहिला, त्याच्या गळतीसकट.
नव्याला नवं नाव मिळालं, जरा लांबलचक,
राइगोला ते अजून आवडलेलं नाही.
जुन्यावर एक ताकीद लावायची ठरली,
ती त्यानंच लिहिली, तीनदा खोडून,
पहिल्या दोन्हींत राग दिसत होता.

आता रोज पहाटे हेल्दुरच्या पडद्यावर
आधी बर्फाची जाडी उमटते,
चोवीस सेंटिमीटर, तेवीस, पुन्हा चोवीस,
आणि तिच्याखाली पिवळ्या अक्षरांत:
हा शब्द पुढच्या हिवाळ्यात नसेल.